डोळे शेवटी

बर्लिन, ३ मार्च २०२५

बाबा, नमस्कार.

साष्टांग लिहिणार होते, पण नऊ वर्षांनी एकदम साष्टांग घातलेला तुम्हाला खोटा वाटला असता, आणि थोडा असताही. म्हणून नुसता नमस्कार.

फोन तुम्ही उचलत नाही. माझा नंबर दिसला की फोन रमेशदादाच्या फ्रेमच्या दुकानात ठेवून चहाला निघून जाता, हे त्यानेच सांगितलं. त्याच्यावर रागावू नका. पत्र मात्र तुम्ही न वाचता टाकू शकणार नाही. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा तुम्ही उलगडून दोन्ही बाजूंनी वाचायचात.

तर मुद्द्याचं सांगते. मला काम मिळालंय. काम म्हणजे खरं काम. इतकी वर्षं मी सिनेमाच्या सेटवर कोरड्या भिंतींना ओल आणत होते, प्लायवूडचा संगमरवर करत होते आणि नव्या नळांवर गंज चढवत होते. पोट्सडामजवळच्या स्टुडिओत माझ्या गंजाला चांगलं नाव आहे, हसू नका. पण आता एका जर्मन चित्रकारावर मोठा ऐतिहासिक चित्रपट होतोय, आउगुस्ट रेमलिंग त्याचं नाव, आणि त्यातलं मुख्य चित्र मी रंगवणार आहे. शुक्रवारी कळलं आणि मी उ-बानमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, चुकीच्या दिशेला बसून सहा स्टेशनं गेले.

रेमलिंग तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, मलाही नव्हता. पूर्वेकडच्या लहानशा गावातला माणूस. नाझींनी १९३७ मध्ये त्याची चित्रं संग्रहालयातून उतरवली आणि त्याला चित्र काढायलाच बंदी केली. विकायला नव्हे बाबा, काढायला. आठवडाभर तो साबणाच्या कारखान्यात राबायचा आणि रविवारी सकाळी स्वयंपाकघराचं दार लावून बायकोचं चित्र काढायचा. तपासणीला माणसं यायची आणि ब्रशाच्या केसांना बोट लावून बघायची, ओले आहेत का म्हणून. हे वाचताना तुम्ही आठवलात. तुम्हीही माझ्या ब्रशाला बोट लावून बघायचात, धुतलाय की नुसता पुसलाय म्हणून.

मग नाझी गेले आणि त्याचं गाव पूर्व जर्मनीत गेलं. नव्या सरकारने त्याला मानाने बोलावलं, कारखान्याच्या जेवणघराची भिंत दिली आणि सांगितलं, हसरे कामगार काढ. त्याने दमलेले काढले. भिंतीला चुना फासला गेला. असा हा माणूस, आणि त्याच्या बायकोचं, हेडविगचं, चित्र माझ्याकडे आलंय. मूळ चित्र संग्रहालय बाहेर देत नाही, म्हणून नक्कल हवी आहे.

नक्कल हा शब्द लिहिला खरा. तो तुमच्या-माझ्या मध्ये कुठे पडलाय ते आपल्याला माहीत आहे. आज तिकडे जात नाही. आज मी फार खुशीत आहे.

विचारायचं एवढंच होतं. हेडविगच्या गालाखाली हिरवट सावली आहे. तुम्ही अशा जागी आधी मातकट अंबर रंगाचा हात द्यायचात, तो पातळ की घट्ट? आणि त्यावर दुसरा हात किती दिवसांनी?

रमेशदादा म्हणाला की तुमच्या उजव्या डोळ्याचं आता फारसं राहिलं नाही आणि डाव्याबद्दल डॉक्टर काही नक्की बोलत नाहीत. आईचं चित्र कुठे आहे तेही मी त्याला विचारलं. कपाटामागे, चादरीत गुंडाळलेलं, अजून डोळ्यांवाचून. बाबा, दिसतंय तोवर ते तेवढं पुरं करा. एवढं लिहायला पत्र घेतलं होतं आणि अंबरवर घसरले.

तुमची
उल्का


बर्लिन, २४ मार्च

बाबा,

रमेशदादाचा निरोप आला. पत्र पोचलं, तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि रंगाच्या पेटीखाली ठेवलंत. उत्तराचं विचारलं तर म्हणालात, "काय लिहायचंय त्यात." ठीक आहे. पेटीखाली म्हणजे केरात नाही, मला पुरे.

इथे नुसती धमाल चालू आहे. एक हेडविग नव्हे, सात करायच्या आहेत. सिनेमात चित्र हळूहळू पुरं होताना दिसतं, म्हणून पाच टप्प्यांचे पाच कॅनव्हास, शिवाय एक पुरं झालेलं, आणि एक असं की जे तपासणीचा अधिकारी चाकूने फाडतो. सातही एकाच बाईची, एकाच मापाची, केसाचाही फरक नको. कलाविभागाची प्रमुख केर्स्टिन म्हणाली, प्रोजेक्टर आणते, कॅनव्हासवर फोटो पाड आणि गिरव. मी म्हटलं नको, मी चौकटी आखणार. तिला वाटलं मी गंमत करते. मग मी मूळ चित्राच्या फोटोवर शाईने अर्ध्या इंचाच्या चौकटी आखल्या, कॅनव्हासवर चार इंचांच्या, आणि दीड दिवसात तीन हेडविग उभ्या केल्या. केर्स्टिन बघत राहिली. "हे कुठे शिकलीस?" मी सांगितलं, माझे वडील गेलेल्या माणसांचे पासपोर्ट फोटो असे मोठे करायचे, बार्शीत निम्म्या घरांच्या भिंतीवर त्यांनी काढलेली माणसं आहेत, आणि आठव्या वर्षापासून चौकटी आखायचं काम माझं होतं. चौकटी, साडीचे काठ, कान आणि पाठीमागचा पडदा माझा. डोळे तुमचे.

जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना शहांच्या आजोबांची गोष्ट सांगितली. घरचं कोणी समोर बसल्याशिवाय तुम्ही डोळे काढायचा नाहीत, घरच्या माणसाने "हो, हेच" म्हटलं की मगच सही. आणि शहांच्या तिघा मुलांचं भांडण, कोणी बसायलाच येईना, म्हणून आजोबा सहा महिने आपल्या पडवीत बिनडोळ्यांचे उभे. मी त्यांच्यावरून जायला इतकी घाबरायचे की आई सोबत यायची. लोक हसून हसून लोळले. मग प्रकाशयोजनेचा माणूस म्हणाला की पुढे काय झालं? मी म्हटलं, धाकट्या सुनेला दया आली, ती येऊन बसली.

सिया, तुमची नात, आता पंधराची आहे. तुम्ही पाहिलीत तेव्हा सहाची होती. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. रविवारी ती आणि तिचा बाप येन्स दोघं स्टुडिओत आले होते. सातही हेडविग भिंतीला ओळीने लावलेल्या, साड्यांऐवजी निळे झगे, आणि एकीलाही डोळे नाहीत. सिया म्हणाली, "उनहाइमलिश." म्हणजे अंगावर काटा येतो असं. मी म्हटलं, घाबरू नकोस, डोळे शेवटी येतात.

मागच्या वेळी बार्शीत मी जे बोलले ते मला आठवतं. तुम्हाला वाटत असेल की मी विसरले, म्हणून लिहिलं. बाकी आत्ता नाही.

उल्का


बर्लिन, १६ एप्रिल

बाबा,

तुमचं कार्ड आलं. पोस्टमनने ते शेजारच्या घरात टाकलं होतं आणि शेजारीण दार वाजवून म्हणाली की हे चित्रातल्यासारखं अक्षर तुमचंच असणार. मी जिन्यातच वाचलं.

"अंबर पातळ. चार दिवस वाळू दे. घाई करतेस."

आठ शब्द. नऊ वर्षांनी आठ शब्द आले आणि त्यांतले दोन बोलणी आहेत. मला इतकं बरं वाटलं की मी ते कार्ड स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलंय. येन्सला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "आल्झो, म्हणजे हे प्रेमाचं आहे की रागाचं?" त्याला काय समजावणार.

अंबर पातळ केला. चार दिवस वाळू दिला, पाचही. तुमचं बरोबर होतं, हिरवं आता आतून येतंय. झग्याच्या कॉलरवर एक धागा निघालेला आहे मूळ चित्रात, तो सातही ठिकाणी काढला. हात तयार, मान तयार, अंबाडा तयार. मधले टप्पे १२ मे पासून शूट होणार, पुरं चित्र त्यानंतर दोन आठवड्यांनी लागेल. तोपर्यंत डोळे सावकाश करीन. घाई कशाला.

केर्स्टिन रोज विचारते, डोळे कधी? मी सांगते, आमच्याकडे अशीच पद्धत आहे. ती मान डोलावते. परक्या देशातल्या पद्धतीपुढे जर्मन माणूस फार अदबीने वागतो, त्याचा मी जरा फायदा घेतेय.

तुमचं ठीक ना? चादरीतल्या त्या कॅनव्हासचं विचारलं होतं, त्यावर कार्डात काही नव्हतं. अंबरबद्दल तीन वाक्यं लिहिलीत, तर चौथं मावलं असतं.

उल्का


बर्लिन, १२ मे, संध्याकाळ

बाबा,

हे पोचेल तोवर निकाल लागलेला असेल. तरी लिहिते, नाहीतर मी आज कोणावर तरी ओरडेन.

आज पहिला दिवस होता. रेमलिंगचं स्वयंपाकघर उभारलंय, चुलीवरचा डाग माझा, खिडकीखालची ओल माझी, सगळं इतकं सुंदर की आत जाऊन बटाटे सोलावेत. नट बसला, समोर तिसऱ्या टप्प्याची हेडविग. भोवती साठ माणसं. आणि पाहुणी म्हणून कोण आली होती, तर रेमलिंगची मुलगी. फ्राऊ रेमलिंग, वय अठ्ठ्याऐंशी, हातात काठी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. बाप चित्र काढायचा तेव्हा ही पाच वर्षांची पोर खिडकीत बसून रस्त्यावर नजर ठेवायची. अनोळखी माणूस दिसला की मोठ्याने गाणं म्हणायचं, म्हणजे आत ब्रश लपवतील.

तिने चित्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे काय आहे? डोळे कुठे आहेत?"

दिग्दर्शकाने समजावलं की हा मधला टप्पा आहे, डोळे शेवटी.

"नाइन, नाही," ती म्हणाली. "पापा डोळे आधी काढायचे. कोऱ्या कापडावर पहिल्यांदा दोन डोळे, मग बाकी. ते म्हणायचे, मधेच दार वाजलं आणि मला घेऊन गेले, तर निदान तिने मला बघितलेलं असेल."

 मग दिग्दर्शकाने कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, आज बंद.

आणि आता ऐका तुमच्या मुलीची अक्कल. संदर्भाच्या फाइलमध्ये पान एक्केचाळीसवर रेमलिंगच्या एका अपुऱ्या कॅनव्हासचा फोटो होता. कोरं कापड, त्यावर फक्त दोन डोळे. मी तो मार्चमध्येच पाहिला होता. मला वाटलं, सराव करून टाकून दिलेलं कापड असेल. चित्र डोळ्यांपासून सुरू होऊ शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जगात सगळेच शरदचंद्र इनामदारांच्या हाताखाली शिकलेत असं मी धरून चालले होते.

केर्स्टिन ओरडली नाही, तेच वाईट. म्हणाली, "शुक्रवारी सकाळी सातला पुन्हा. मधल्या टप्प्यांना डोळे हवेत. नाही जमलं तर गुरुवारी सांग, मी म्युनिकहून माणूस बोलावते, मग पुढची चित्रंही तोच करेल."

चार दिवस. आणि जे मी गेल्या पत्रात लपवलं ते आता सांगते. घाई कशाला, पद्धत आहे, हे सगळं बोलायला होतं. मला डोळे येत नाहीत बाबा. कॉलेजात काढले, पण ते परीक्षेचे डोळे, मार्क मिळाले, कोणी त्यांतून बघत नव्हतं. घरी ते काम कायम तुमचं होतं. मी सातही बायका अंबाड्यापर्यंत नेऊन ठेवल्या आणि रोज काहीतरी दुसरंच करत बसले.

उद्या सकाळी सुरू करते.

उल्का


बर्लिन, १७ मे

बाबा,

रमेशदादाने तुम्हाला अर्धंच सांगितलं असेल, कारण फोन तुम्ही अर्ध्यातच बंद केलात. पुरं मी सांगते.

मंगळवारी मी पाच वेळा डोळे काढले आणि पाच वेळा पुसले. एकदा हेडविग मासळीसारखी दिसली, एकदा दिग्दर्शकासारखी. बुधवारी सकाळी रडकुंडीला येऊन रमेशदादाला व्हिडिओ कॉल लावला आणि म्हटलं, काकांना दे, ते बोलले नाहीत तरी चालेल, नुसतं चित्र दाखव. दुकानात फ्रेमा ठोकल्याचा आवाज येत होता. मग पडद्यावर नुसता तुमचा डावा डोळा आला, इतक्या जवळ फोन धरला होतात. मी बघत राहिले. तुम्ही पांढरे झालात बाबा, भुवईसुद्धा.

 मग म्हणालात, "उजेड कुठून आहे?"

"डावीकडून."

"मग दोन्ही बुबुळांत लकाकी एका जागी कशाला मांडलीस? आणि वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते. टाक ती. बघतेस काय."

मी टाकली. तुम्ही म्हणालात, "समोर कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग कुणाला विचारून काढतेस? घरचं माणूस बसव." आणि फोन बंद.

मी तशीच रंगाच्या हातांनी फ्राऊ रेमलिंगला फोन केला. तिच्यामुळे माझं काम जायची वेळ आलेली, आणि तिलाच म्हणतेय, उद्या येऊन माझ्यासमोर बसाल का? का म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे घरचं माणूस बसल्याशिवाय डोळे काढत नाहीत. ती म्हणाली, "गेनाऊ. असंच पाहिजे."

गुरुवारी दहाला टॅक्सीने आली, कागदात गुंडाळलेला प्लमचा केक घेऊन. खुर्चीत ताठ बसली. मी पहिल्या टप्प्यासाठी नवं कापड लावलं आणि कोऱ्या कापडावर, रेमलिंगसारखे, आधी डोळे घेतले. ती म्हणायची, "नाही. ही पाहुण्यांकडे बघतेय." मी पुसायचे. "नाही. ही घाबरलीय. आई घाबरायची नाही, घाबरायचं काम माझ्याकडे होतं." पुन्हा पुसायचे. पापणीची सावली थोडी खाली आणली, डाव्या डोळ्यातली लकाकी अर्धी केली. दुपारी तीनच्या सुमारास ती काही बोलेनाशी झाली. मी मान वळवून बघितलं, तर ती खिडकीकडे बघून काहीतरी गुणगुणत होती. मला बघताना बघून थांबली आणि हसली. "जुनी सवय," म्हणाली. "ते काढत असले की मला खिडकीकडे बघावं लागायचं. मी हे डोळे होताना कधी बघितलेच नाहीत." मग उठून कॅनव्हाससमोर आली आणि म्हणाली, "या. दास इस्ट झी." हो, हीच.

तेच डोळे रात्रभर बाकीच्या टप्प्यांवर उतरवले आणि शुक्रवारी सातला पाचही टप्पे सेटवर होते. नटाने कोऱ्या कापडावरच्या दोन डोळ्यांसमोर ब्रश उचलला. केर्स्टिनने मला सगळ्यांदेखत मिठी मारली. पुढची चित्रं मीच करतेय, म्युनिकचा माणूस म्युनिकमध्ये सुखी राहो. मी घरी नाचत आले, खरंच, स्टेशनपासून.

आणि घराच्या दारात किल्ली काढता काढता थांबले. पायरीवर बसले.

बाबा, नऊ वर्षं मी समजत होते की तुम्ही आईचं चित्र रागाने सोडलंत. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही साडी, मान, कुंकू सगळं पुरं केलं होतं, रंग काढले होते, आणि मला म्हणालात, "बस समोर." मी बसले. आणि मग उठले. आयुष्यभर मेलेल्यांच्या नकला काढल्यात, आईची तरी काढू नका, तुम्ही चित्रकार नाही, नकलाकार आहात, असं म्हणून मी उठून गेले आणि तिसऱ्या दिवशी विमानात बसले. मला वाटलं, माझा शब्द लागला म्हणून तुमचा ब्रश थांबला. मला त्याचा पश्चात्ताप होता आणि, खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही होता, की माझ्या शब्दात एवढी ताकद आहे.

तसं नव्हतंच. समोर घरचं माणूस उरलं नव्हतं. आईच्या घरचं दुसरं कोण होतं? तुम्ही स्वतःचा नेम मोडला नाहीत, एवढंच. शहांच्या आजोबांना सहा महिन्यांत सून मिळाली, आईला नऊ वर्षं कोणी मिळालं नाही. आणि मी ती गोष्ट जेवणाच्या टेबलावर सांगून लोकांना हसवत होते.

मला लाज वाटते. मी चुकले. पायरीवरून उठून हेच लिहायला बसले.

मी येऊन समोर बसते. तुम्ही डोळे काढा. डाव्या डोळ्याने जेवढं दिसतंय तेवढ्यात काढा, पण काढा. कधी येऊ तेवढं सांगा.

उल्का


बर्लिन, २९ जून

बाबा,

तुमचं उत्तर शमिका घेऊन आली. बहिणीच्या लग्नाला बार्शीला आलेली पोरगी कायझर्सलाउटर्नला परत शिकायला जाताना साडेतीन फुटांची गुंडाळी विमानात मांडीवर घेऊन बसली, एवढं सांभाळणं रमेशदादाच्याच मुलीला जमावं. मी काल सकाळच्या गाडीने तिच्याकडे गेले आणि रात्री परत, दोन्ही वेळा गुंडाळी न उघडता, कारण उघडली असती तर डब्यात माझं काय झालं असतं ते मला माहीत होतं.

आज सकाळी जेवणाच्या टेबलावर उलगडली. येन्सने दोन कोपरे धरले, सियाने दोन.

आई. हिरवं इरकल, कुंकू, नाकातली चमकी. डोळ्यांच्या जागी नुसता कातडीचा रंग, आणि त्यावर पेन्सिलने आखलेल्या चौकटी. बारीक, पाव इंचाच्या. सोबत पाकिटात तिचा पासपोर्ट फोटो, त्यावर तशाच चौकटी शाईने. आणि चिठ्ठी: "चौकटी आखल्या आहेत. डोळे तू कर."

मी आठ वर्षांची असल्यापासून चौकटी माझ्या आणि डोळे तुमचे. तुम्ही अदलाबदल केलीत. चौथ्या ओळीत तुमची रेघ हललीय, मधेच सुटून पुन्हा धरलीय. तुमची रेघ हललेली मी कधी पाहिली नव्हती. त्या रेघेवर बोट ठेवून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. सिया म्हणाली, "आई, रेघ पुसली जाईल." मराठीत म्हणाली.

सिनेमाचं काम संपलं. करारात होतं की शूटिंग झालं की नकला साक्षीदारासमोर नष्ट करायच्या, म्हणून मंगळवारी फ्राऊ रेमलिंगच्या समोर मी सातही हेडविग कापल्या. मला वाटलं होतं जड जाईल. नाही गेलं. नक्कल होती, तिचं काम तिने केलं. ती म्हातारी एकदा "हो, हीच" म्हणाली, ते कापता येत नाही. तुम्ही अख्ख्या बार्शीला असंच म्हणायला लावलंत आणि मी तुम्हाला नक्कल या शब्दाने मारलं. आता कोणी मला नकलाकार म्हणालं तर मी त्याला चहा पाजेन.

तर दुपारी मी रंग काढले. अंबर पातळ केला, आईच्या डोळ्यांत जो तपकिरी होता तो मिसळून ठेवला, सकाळपासून नुसत्या त्या विचाराने माझे हात शिवशिवत होते. ब्रश उचलला. आणि समोर बघितलं. येन्स आईला दोनदा भेटलाय. सियाला तिच्या हातचे लाडू आठवतात, चेहरा नाही. "हो, हीच" म्हणणारं इथे कोणी नाही.

ब्रश धुतला. पुसला नाही, धुतला.

१९ जुलैची तिकिटं काढली आहेत, माझं आणि सियाचं. चित्र परत घेऊन येतेय. सियाला सगळं समजावलं, तर तिने विचारलं, "मुस आबा डान श्टिलझिट्सन?" आबांना तेव्हा अजिबात हलायचं नाही का? मी म्हटलं, हो, तासन्‌तास. ती खूश झाली, कोणीतरी मोठं माणूस असं अडकलेलं तिला बघायचंय.

ईझल खिडकीशी लावून ठेवा, उजेड डावीकडून. मला स्टूल नको, मी उभ्याने करीन. खुर्ची समोर मांडा, आणि तिच्यात तुम्ही बसा. डॉक्टरांनी डाव्या डोळ्याला जेवढं ठेवलंय तेवढं पुरेल. नसेल तर मी कॅनव्हास तुमच्या नाकापर्यंत आणीन. चुकलं तर नाही म्हणा, मी पुसेन, पाच वेळा म्हणा, दहा वेळा म्हणा.

फक्त बाबा, मधेच उठायचं नाही.

तुमची
उल्का